योग कुणाचा, आणि आपल्या किती कामाचा?



आमच्याकडे दिवाळ्याला वर्षावासात संध्याकाळी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होते. कुणी चार घरची धुणीभांडी करून येते, कुणी मासळीबाजारातली हमाली करून, कुणी नाक्यावरून. सिद्धार्थ आलार कालामाकडे ध्यान शिकायला गेला तो भाग त्या दिवशी वाचून झाला, आणि मागच्या रांगेतल्या एका ताईने विचारले, “सिस्टर, हे तर योगासारखंच झालं की. मग योग आपला का त्यांचा?” लगेच एक तरुण म्हणाला, “त्यांचाच. आपण बावीस प्रतिज्ञा घेतल्यात, आपल्याला काय करायचंय त्याचं?” त्यावर एक आजी म्हणाल्या, “अरे पण माझी कंबर दुखतीय, मला डॉक्टरनंच करायला सांगितलंय.”

तिघांचे म्हणणे खरे होते. पण माझ्या डोळ्यांसमोर एक चौथी बाई होती, जी त्या दिवशी विहारात नव्हती. जवळच्याच वस्तीतल्या एक मावशी. बीपीची गोळी रोज घेणाऱ्या. मोबाईलवर कुणीतरी सांगितले, रोज जोरात श्वास फेका, गोळी कायमची सुटेल. मावशींनी गोळी सोडली. पैसेही वाचले. चार महिन्यांनी सकाळी उठल्या तेव्हा उजवा हात उचलेना आणि तोंड वाकडे झाले होते. आज त्या घरातल्या घरात काठी धरून चालतात. कामे गेली ती गेलीच.

म्हणून या वेळच्या आरोग्य पानावर योगाचा पाठ घेते. योग आला कुठून, त्यामागचा विचार काय, त्यातले आपण काय घ्यायचे आणि कुठे थांबायचे, असे चार भाग आहेत. महिला मंडळात वाचून दाखवता येईल अशा बेताने लिहिले आहे.

शब्दापासून सुरुवात

‘योग’ हा शब्द ‘युज्’ या धातूपासून आला. त्याचा अर्थ जुंपणे, जोडणे. बैलाच्या मानेवरचे जू आणि शेतातले जोत हे याच कुळातले शब्द. म्हणजे मुळात हा कष्टकऱ्याच्या ओळखीचा शब्द आहे. मोकाट धावणाऱ्या मनाला कामाला जुंपायचे, हा त्यामागचा विचार.

पाली वाङ्मयात हा शब्द दोन अर्थांनी येतो. एक अर्थ बंधन. अंगुत्तर निकायात चार ‘योग’ सांगितले आहेत : कामाचा, भवाचा, चुकीच्या दृष्टीचा आणि अविद्येचा. हे चार जू मानेवर असतात तोवर माणूस फिरत राहतो. ते उतरले की मिळणाऱ्या सुरक्षिततेला ‘योगक्खेम’ म्हटले आहे आणि निब्बाणासाठीही हाच शब्द वापरला आहे. दुसरा अर्थ नेटाने केलेला अभ्यास. धम्मपदाच्या मग्गवग्गात सांगितले आहे की अशा अभ्यासातून प्रज्ञा वाढते आणि तो सोडला की ती घटते.

तेव्हा ज्या ताईने विचारले, “योग आपला का त्यांचा,” तिला पहिले उत्तर हे की शब्द तरी आपल्याला परका नाही. आपल्या ग्रंथांत तो आधीपासून आहे.

उगम एका घरातला नाही

सिंधू संस्कृतीच्या मोहेंजोदडो इथे एक मुद्रा सापडली आहे. तिच्यावर मांडी घालून बसलेली आकृती आहे. पुष्कळ लोक तिला पहिला योगी म्हणतात. पण त्या संस्कृतीची लिपी अजून वाचता आलेली नाही. नुसत्या बसण्यावरून तो माणूस ध्यान करत होता असे ठरवता येत नाही. आपण विज्ञाननिष्ठ असू, तर आपल्याला सोयीचा असो वा नसो, जिथे पुरावा नाही तिथे दावा करायचा नाही.

पक्के दिसते ते इसवी सनापूर्वी सहाव्या-पाचव्या शतकात. त्या काळी गंगेच्या खोऱ्यात घरदार सोडून सत्य शोधत फिरणारे पुष्कळ लोक होते. त्यांना श्रमण म्हणत. वेद आणि यज्ञ हेच अंतिम, असे ते मानत नसत. निगंठ म्हणजे जैन, आजीवक आणि पुढे बुद्धाचा संघ, हे सगळे श्रमण. उपनिषदे रचणारेही त्या सुमारास यज्ञापलीकडे पाहू लागले होते. कठोपनिषदात इंद्रिये स्थिर धरण्याला योग म्हटले आहे. ध्यान, उपवास, श्वासावर ताबा हे प्रयोग या सगळ्यांत चालू होते आणि एकमेकांकडून घेतलेही जात होते. म्हणून योगाचा उगम एका धर्माच्या नावावर टाकणे इतिहासाला धरून नाही. त्यात श्रमणांचा वाटा मोठा आहे आणि शाळेच्या पुस्तकातून, सरकारी कार्यक्रमातून नेमका तोच गळतो. आपली तक्रार असावी तर ती याबद्दल.

बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये हा भाग नीट मांडला आहे. सिद्धार्थाने आधी सांख्य तत्त्वज्ञान शिकून घेतले, मग आलार कालामाकडे आणि त्यानंतर उद्दक रामपुत्ताकडे ध्यान शिकले. त्या काळी ध्यानमार्गाचे तीन पंथ होते आणि तिघांतही श्वास हेच साधन होते, असे बाबासाहेब सांगतात. एक आनापानसतीचा, दुसरा प्राणायामाचा, म्हणजे श्वास आत घेणे, रोखणे, सोडणे, तिसरा समाधीचा. सिद्धार्थाने तिन्ही शिकून घेतले. न शिकता नाकारले नाही आणि शिकले म्हणून डोळे झाकून स्वीकारलेही नाही.

आपल्या मातीचाही यात धागा आहे. सुत्तनिपाताच्या पारायणवग्गात बावरी नावाच्या आचार्याची हकीगत येते. तो गोदावरीच्या काठी, अस्सक देशाच्या मुलखात राहत होता. त्याने आपले सोळा शिष्य इतक्या लांबून तथागतांकडे प्रश्न घेऊन पाठवले. त्यांतल्या उपसीव आणि पोसाल यांचे प्रश्न ध्यानाच्या त्याच अवस्थेबद्दल आहेत जी आलार कालाम शिकवत असे. म्हणजे गोदाकाठची माणसे त्या काळी ध्यानाच्या चर्चेत होती, अशी आठवण आपल्या ग्रंथांनी जपली आहे.

श्वास कोंडण्याचा प्रयोग

मज्झिम निकायाच्या महासच्चक सुत्तात तथागतांनी आपल्या तपश्चर्येच्या काळातला एक अनुभव सांगितला आहे. तो मी नर्स म्हणून पुन्हा पुन्हा वाचते. सिद्धार्थाने तोंड आणि नाक यांतून जाणारा श्वास कोंडून ठेवायचा प्रयोग केला. कानांतून लोहाराच्या भात्यासारखा आवाज येऊ लागला. मग कानही बंद केले. डोक्यात तलवारीने भोसकल्यासारख्या कळा आल्या, कुणी चामड्याचा पट्टा आवळावा तसे कपाळ दुखले, पोटात कापल्यासारखे झाले, अंगाची आग झाली. आणि एवढे सोसून हाती काही लागले नाही.

मग त्यांना लहानपण आठवले. वडिलांच्या शेतावर जांभळाच्या सावलीत बसलेले असताना मन आपोआप शांत झाले होते. शरीराला छळून नव्हे तर शरीराला बरे ठेवून मार्ग सापडेल, हे तिथे उमगले. त्यांनी अन्न घेतले, अंगात ताकद आणली आणि मग ध्यानाला बसले.

म्हणून बुद्धाच्या आनापानसतीत श्वास ओढत नाहीत, कोंडत नाहीत, फेकत नाहीत. आपोआप येतो-जातो तसा तो पाहायचा असतो. लांब आला तर लांब आहे हे जाणायचे, आखूड आला तर आखूड आहे हे जाणायचे. प्राणायाम श्वासाला वळण लावतो, आनापान श्वासाला ओळखतो. फरक इतकाच, पण बीपीच्या रुग्णासाठी तो फार मोठा आहे.

पतंजलींचा योग : काय सारखे, काय वेगळे

ज्याला लोक ‘योगशास्त्र’ म्हणतात तो पतंजलींचा योगसूत्र हा ग्रंथ बरेच अभ्यासक इसवी सनाच्या चौथ्या-पाचव्या शतकाच्या सुमाराचा मानतात. म्हणजे तथागतांनंतर कित्येक शतकांनी. त्या काळी बौद्धांमध्येही असंग आणि वसुबंधू यांचा ‘योगाचार’ नावाचा मोठा संप्रदाय होता.

त्या सूत्रांत आठ अंगे आहेत : यम, नियम, आसन, प्राणायाम, प्रत्याहार, धारणा, ध्यान, समाधी. यमात पाच गोष्टी येतात : हिंसा न करणे, खरे बोलणे, चोरी न करणे, ब्रह्मचर्य आणि साठा न करणे. आपल्या पंचशीलाशी ताडून पाहा. पहिल्या चार शीलांशी पहिले चार यम जुळतात. पाचव्या शीलात मात्र दारू आणि नशेपासून दूर राहणे आहे, ते यमात नाही. वस्तीत राहणाऱ्या बाईला हा फरक कुणी समजावून सांगायला नको. शिवाय मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा या ज्या चार भावना आपण ब्रह्मविहार म्हणून जाणतो, त्या चारही त्याच क्रमाने योगसूत्रात येतात. एका घरातून दुसऱ्या घरात वाटीभर साखर गेल्यासारखे हे आहे. कुणी नेली ते भांडत बसण्यापेक्षा देवघेव होती हे लक्षात घ्यावे.

आणखी एक नवल. ज्या आसनांना आज योग म्हणतात, त्यांच्यासाठी पतंजलींनी जेमतेम तीन सूत्रे दिली आहेत. त्यांचा आशय एवढाच की बसणे स्थिर आणि सुखाचे असावे.

आता वेगळे काय, ते. पतंजलींचा योग सांख्याच्या पायावर उभा आहे. शरीर-मन वेगळे आणि त्याला नुसते पाहणारा नित्य पुरुष, म्हणजे आत्मा, वेगळा. हा पुरुष एकटा सुटला की मोक्ष. त्यात ईश्वरालाही जागा आहे. तथागतांनी नित्य आत्मा मानला नाही आणि ईश्वराला आधार केले नाही. दुःख आहे, त्याला कारण आहे, ते दूर करता येते आणि त्याचा मार्ग आहे, हा धम्माचा पाया. म्हणून योगाच्या वर्गात देवाचे नाव घ्यायला सांगितले, तर गप्प बसण्याचा आपल्याला हक्क आहे. पाठीचा कणा ताठ करायला कोणत्याही मंत्राची गरज नाही, हे मी शरीररचना शिकल्याच्या जोरावर सांगते.

आसने आली कशी

शरीराला वाकवणारा, श्वास रोखणारा योग म्हणजे हठयोग. तो बराच नंतरचा. त्याच्या पद्धती सांगणारा आजवर हाती आलेला सर्वांत जुना ग्रंथ ‘अमृतसिद्धी’ साधारण अकराव्या शतकातला आहे आणि तो वज्रयानी बौद्ध वातावरणात तयार झाला, असे अलीकडच्या अभ्यासात दिसून आले आहे. पुढे नाथपंथीयांनी हा मार्ग जपला. मच्छिंद्रनाथ, गोरखनाथ ही नावे आपल्या खेड्यापाड्यांत सगळ्यांना माहीत आहेत. पंधराव्या शतकातल्या ‘हठप्रदीपिके’त सविस्तर सांगितलेली आसने पंधराच आहेत. आज शेकड्याने आसने शिकवतात, ती पुष्कळशी मागच्या शंभर वर्षांतली.

आणि या शंभर वर्षांच्या गोष्टीत आपला महाराष्ट्र पुढे आहे. १९१८ साली श्री योगेंद्र यांनी वर्सोव्याला योग संस्था सुरू केली, तीच पुढे सांताक्रूझची संस्था झाली. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९२० च्या दशकात सूर्यनमस्काराचा प्रसार केला. तो मुळात व्यायाम म्हणून, शाळांतल्या मुलांसाठी. १९२४ साली स्वामी कुवलयानंद यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केले. आसन करताना शरीरात काय बदल होतो ते त्यांनी क्ष-किरण आणि दाब मोजणारी उपकरणे लावून तपासायला घेतले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक काढले. बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली पुण्यात आले आणि तिथून त्यांची पद्धत जगभर गेली. संयुक्त राष्ट्रसंघाने ११ डिसेंबर २०१४ रोजी ठराव केला आणि २०१५ पासून २१ जून हा योग दिन झाला.

आता जरा भूगोल आठवा. लोणावळ्याच्या त्या कैवल्यधामापासून थोड्याच अंतरावर कार्ले आणि भाजे लेणी आहेत. इकडे बोरिवलीच्या डोंगरात कान्हेरी आहे. शंभराहून जास्त लेणी, भिक्खूंच्या खोल्यांत दगडात कोरलेले ओटे आणि जवळजवळ प्रत्येक लेण्याजवळ पावसाचे पाणी साठवणारी पोढी. दोन हजार वर्षांपूर्वी या डोंगरांत माणसे शांत बसून मनाचा अभ्यास करत होती. सहल काढाल तेव्हा मुलांना त्या ओट्यांवर पाच मिनिटे गप्प बसवा. आणि पोढी दाखवा. ध्यान करणाऱ्यांनी आधी पिण्याच्या पाण्याची सोय केली होती, हेही त्यांना कळू द्या.

डोळे मिटून गटार साफ होत नाही

इथे त्या तरुणाच्या रागाकडे वळते. त्याचा राग नुसता धर्माचा नाही. “शांत बसा, श्वास पाहा, दुःख तुमच्या मनात आहे,” असे वस्तीतल्या माणसाला कुणी सांगितले की राग येणारच. नळाला पाणी अर्धा तास येते, गटार तुंबलेले आहे, रोजंदारीचा भरवसा नाही. यातले दुःख मनातले नाही. ते माणसांनी माणसांवर लादलेले आहे. धम्म कशासाठी, याचे बाबासाहेबांचे उत्तर हेच होते की माणसाचे माणसाशी असलेले नाते सुधारण्यासाठी.

त्याच ग्रंथात बाबासाहेबांनी समाधी आणि सम्यक समाधी यांत फरक केला आहे. नुसत्या समाधीत मनातले विकार तेवढ्यापुरते दबतात. मन उठले की ते परत येतात. सम्यक समाधीत मनाला कुशल कर्माचा विचार करण्याची सवय लागते. मी याचा अर्थ असा घेते : दहा मिनिटे शांत बसून उठल्यावर मुलावर हात उगारला नाही, शेजारणीशी नळावर भांडण वाढले नाही, आणि महापालिकेत अर्ज घेऊन जाताना आवाज कापला नाही, तर ते ध्यान कामाचे. उठून पुन्हा गटाराकडे पाठ फिरवली, तर ती नुसती विश्रांती.

विपश्यनेबद्दलही लोक विचारतात. सत्यनारायण गोयंका हे म्यानमारमधले व्यापारी. तीव्र डोकेदुखीसाठी उपाय शोधताना ते १९५५ साली सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले, १९६९ साली भारतात आले आणि पुढे १९७६ पासून इगतपुरीला धम्मगिरी उभे राहिले. दहा दिवसांच्या शिबिराला फी नसते, दानावर चालते. आपल्या समाजातले पुष्कळ लोक जाऊन आले आहेत. जाणाऱ्याने जावे. पण ज्यांना मानसिक आजार आहे, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे, अर्जात खरे लिहावे आणि गोळ्या स्वतःहून बंद करू नयेत.

तथागतांच्या तीन गोष्टी, आरोग्याच्या

पहिली गोष्ट चालण्याची. अंगुत्तर निकायात चंक्रमणाचे, म्हणजे भान ठेवून येरझारा घालण्याचे, पाच फायदे सांगितले आहेत : प्रवासाची ताकद येते, मेहनतीची ताकद येते, आजार कमी होतात, खाल्लेले पचते आणि त्यातून आलेली एकाग्रता टिकते. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालले की रक्तातली साखर कमी चढते, हे आज डॉक्टरही सांगतात.

दुसरी गोष्ट जेवणाची. कोसलचा राजा पसेनदी मापेच्या मापे भात खायचा आणि धापा टाकत तथागतांकडे यायचा. तथागतांनी त्याला मोजून खाण्याचा उपदेश केला. राजाने एका मुलाला रोज जेवताना त्या उपदेशाची आठवण करून द्यायला ठेवले. हळूहळू त्याचा आहार कमी झाला आणि अंग हलके झाले. आपल्याकडे भाताच्या ढिगाबरोबर सुकट आणि सुके बोंबील असतात, त्यात मीठ भरपूर. बीपी असलेल्यांनी ते क्वचित खावे आणि आधी पाण्यात भिजवून धुवावे. आणि ताटाशी आठवण करून देणारे पोर प्रत्येक घरात असतेच, त्याला ते काम द्या.

तिसरी गोष्ट बेताची. सोण नावाचा भिक्खू येरझारा घालून घालून पायांतून रक्त काढून बसला. पूर्वी तो वीणा वाजवायचा. तथागतांनी त्याला विचारले, तार फार ताणली तर वाजते का? फार सैल सोडली तर? नाही ना, मग मेहनतीचेही तसेच. आसन करताना दुखू लागले की थांबायचे, हा नियम इथलाच.

घरात करता येईल असा वीस मिनिटांचा पाठ

दहा बाय दहाची खोली पुरे. सतरंजी घाला, पोट रिकामे किंवा जेवून तीन तास झालेले असावे.

१. ताठ उभे राहा. पाय थोडे फाकवा. श्वास घेत दोन्ही हात वर, सोडत खाली. पाच वेळा.

२. खांदे मागून पुढे, पुढून मागे, पाच-पाच वेळा. मान फक्त डावीकडे आणि उजवीकडे हळू वळवा. मान गरगर फिरवू नका.

३. हात आणि गुडघे टेकून जनावरासारखे उभे राहा. श्वास सोडताना पाठ मांजरासारखी वर, घेताना हळू खाली. सहा-सात वेळा. गुडघे दुखत असतील तर भिंतीला हात टेकून उभ्याने करा. भांडी घासून, वाकून फरशी पुसून आखडलेल्या कमरेला याने बरे वाटते.

४. उताणे झोपा. एक गुडघा दोन्ही हातांनी पोटाकडे ओढा, पाच श्वास थांबा. मग दुसरा.

५. शेवटी भिंतीला टेकून किंवा खुर्चीवर बसा. मांडी घातलीच पाहिजे असे नाही. डोळे मिटा. नाकाशी श्वास येतो-जातो तो पाहा. मन पळेल, त्याला रागावू नका, परत आणा. दहा मिनिटे. श्वास सावकाश झाला की हृदयाचे ठोकेही मंदावतात, कारण श्वास सोडताना हृदयाला सावकाश चालवणारी नस काम करते. यात चमत्कार काही नाही, शरीराची रचनाच तशी आहे.

घरात जागा नसेल, माणसे झोपलेली असतील, तर आठवड्यातून तीन संध्याकाळी विहारात जमा. वंदनेनंतर वीस मिनिटे.

हे कुणी करू नये

बीपी, हृदयविकार असलेल्यांनी श्वास कोंडू नये आणि कपालभातीसारखे जोरात श्वास फेकणे टाळावे. गरोदर बायांनीही हे दोन्ही टाळावे, पोटावर झोपू नये आणि व्यायाम डॉक्टरांना विचारूनच करावा. काचबिंदू असलेल्यांनी डोके खाली, पाय वर असे काही करू नये. हर्निया, नुकतेच झालेले ऑपरेशन, फिट येणे, मणक्याची नस दबलेली असणे, यांत आधी तपासणी, मग व्यायाम. साखरेची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशीपोटी फार मेहनत करू नये. घाम, थरथर, चक्कर आली तर लगेच साखर खावी.

योग काय करू शकतो हेही नीट मोजून सांगते. जुनाट कंबरदुखीत थोडा आराम पडतो, हालचाल सुधारते. पण इतर व्यायामापेक्षा फार जास्त नाही. बीपी थोडे उतरायला मदत होते, पण गोळीच्या जोडीला, गोळीच्या जागी नाही. झोप आणि मनाची तगमग यांत पुष्कळांना बरे वाटते. योगाने टीबी बरा होत नाही. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर थुंकी तपासा. बीपी वेगवेगळ्या दिवशी मोजून १४०/९० किंवा वर येत असेल, उपाशीपोटीची साखर १२६ किंवा वर असेल, तर उपचार सुरू करा. महापालिकेच्या नागरी आरोग्य केंद्रात तपासणी होते. तोंड वाकडे होणे, एक हात-पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे, छातीत दाबल्यासारखे दुखणे, यांत लिंबूपाणी देत, पाय चोळत बसू नका. लगेच १०८ ला फोन करा. मनात जीव देण्याचे विचार येत असतील, झोप उडाली असेल, तर ‘ध्यान कर’ एवढेच सांगून मोकळे होऊ नका. टेलि-मानसच्या १४४१६ या नंबरवर मोफत बोलता येते, आपल्या भाषेत.

त्या तिघांना उत्तर

ताईला : योग एका धर्माची मालमत्ता नाही. त्याच्या उगमात श्रमणांचा आणि आपल्या तथागतांचा मोठा वाटा आहे.

तरुणाला : बावीस प्रतिज्ञांत आर्य अष्टांगिक मार्गाचे पालन आहे आणि त्या मार्गात सम्यक व्यायाम, सम्यक स्मृती, सम्यक समाधी आहेत. देव-आत्मा बाजूला ठेव, तपासून घे. पण स्वतःचे शरीर आणि मन सांभाळायचे साधन रागापोटी फेकून देऊ नकोस. मोर्च्यात चालायलाही गुडघे लागतात.

आजींना : करा, बेताने करा, गोळी चालू ठेवा.

आणि ज्या मावशी काठी धरून चालतात, त्यांच्याकडे आम्ही दोघी-तिघी आठवड्यातून दोनदा जातो. डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम करून घेतो, मग सोबत बसून श्वास पाहतो. गोळी त्यांच्या उशाशी असते. मागच्या आठवड्यात त्यांनी उजव्या हाताने पेला उचलला.

मंडळात चर्चेसाठी

१. पंचशील आणि पाच यम यांत काय सारखे आहे, काय वेगळे?
२. आनापान आणि प्राणायाम यांत फरक काय? तुमच्या घरातल्या कुणासाठी कोणता धोक्याचा ठरेल?
३. तुमच्या गल्लीत बीपी किंवा साखरेची गोळी कुणी मधेच सोडली आहे का? पुढच्या बैठकीआधी त्यांच्या घरी कोण जाईल, ते आजच ठरवा.

जयभीम. नमो बुद्धाय.